तिसरी विहीर

कोणत्याही कार्यालयात अथवा महाविद्यालयात ज्येष्ठतेची यादी सूचनाफलकावर लागली, की तिच्यापुढे जमणाऱ्या घोळक्याकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. प्रत्येक जण प्रथम स्वतःचे नाव शोधतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु ते सापडल्यावर त्याची नजर तेथे स्थिरावत नाही. ती लगेच वरच्या नावाकडे जाते. आपला क्रमांक कितवा, यापेक्षा आपल्या वर कोण, हा प्रश्न त्याला अधिक बोचतो. पुढे मग टोमणे सुरू होतात, जुनी प्रकरणे उकरून काढली जातात आणि कालपर्यंत एकाच किटलीतला चहा घेणारी दोन माणसे एकमेकांकडे पाठ करून बसू लागतात. या भांडणात पैशाचा संबंध पुष्कळदा नाममात्रच असतो. भांडण असते ते जागेचे.

कोणी डिवचले, कोणी पाण्यात पाहिले, तर कसे वागावे याविषयी आपल्याकडे दोन सल्ले सदैव तयार असतात. एक ठोशास ठोसा देण्याचा. दुसरा, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याचा. हा दुसरा सल्ला बहुधा थट्टेच्या सुरातच दिला जातो. तो बायबलातला आहे एवढे सर्वांना ठाऊक असते आणि तेवढ्यावरून बायबल म्हणजे दुबळ्यांना गप्प बसवणारा ग्रंथ, असा निष्कर्षही काढला जातो. हा निष्कर्ष घाईचा आहे. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अधिकारी तर नाहीच नाही. त्याचा व्यवसाय अर्थशास्त्र शिकवण्याचा. परंतु मर्यादित वस्तूंसाठी माणसे कशी झगडतात हाच ज्याच्या अभ्यासाचा विषय, त्याला या ग्रंथात शिकण्यासारखे पुष्कळ आढळते. मराठी वाचकाने तो परका मानण्याचेही कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तो मराठीत येऊ लागला आणि पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, केडगावी बसून, सामान्य स्त्रीलाही समजेल अशा मराठीत त्याचे भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.

मत्सराचे अर्थशास्त्र

जुन्या करारात ‘उपदेशक’ नावाचे एक लहानसे पुस्तक आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात एक निरीक्षण येते ते असे, की माणसांचे सगळे कष्ट आणि सगळे कौशल्य शेजाऱ्याच्या हेव्यातून उपजलेले आहे. अतिशयोक्ती सोडून दिली, तरी यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? विशेष हे, की उपदेशक तेवढ्यावर थांबत नाही. हातावर हात ठेवून बसणारा मूर्ख स्वतःचाच नाश करतो, असे तो लगेच बजावतो; आणि मग म्हणतो, की कष्टाने भरलेल्या दोन मुठींपेक्षा स्वस्थतेने भरलेली एक मूठ बरी. म्हणजे स्पर्धा वाईट म्हणून आळस चांगला, असा सोपा मार्ग त्याने ठेवलेला नाही.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली आपल्या ग्रंथात वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. धान्य, कापड, घरे यांचे उत्पादन वाढवता येते. एकाला अधिक मिळाले म्हणून दुसऱ्याला कमी मिळालेच पाहिजे असे नाही. परंतु पहिला क्रमांक, विभागप्रमुखाची खुर्ची, गावातला मान या वस्तूच अशा आहेत, की त्या एकाला मिळाल्या म्हणजे दुसऱ्याला मिळत नाहीत. देश कितीही श्रीमंत झाला, तरी पहिले क्रमांक दोन होत नाहीत. बायबलातला राजा शौल या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूपायी गेला. लढाईहून परतताना स्त्रियांनी गाणे म्हटले, त्यात शौलाच्या नावावर हजारो शत्रू होते आणि तरुण दाविदाच्या नावावर दहा हजारो. शौलाचे हजार त्यामुळे एकानेही कमी झाले नव्हते. राज्य, सैन्य, खजिना जसाच्या तसा होता. तरी दुसऱ्याच दिवशी त्याने वीणा वाजवीत बसलेल्या दाविदावर भाला फेकला. तुलना ही अशी वस्तू आहे, की जवळ असलेले काहीही न गमावता ती माणसाला दरिद्री करते.

गराराच्या खोऱ्यात

या रोगावर बायबलाने सांगितलेला उपाय एकच नाही. त्यांपैकी मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटते ती ‘उत्पत्ती’च्या सव्विसाव्या अध्यायातील इसहाकाच्या विहिरींची कथा. दुष्काळामुळे इसहाक पलिष्ट्यांच्या गरार प्रदेशात येऊन राहिला. त्याने पेरणी केली आणि त्याच वर्षी त्याला शंभरपट पीक आले. कळप वाढले, गडीमाणसे वाढली. परक्याची ही भरभराट स्थानिकांना खुपू लागली आणि त्यांनी त्याच्या बापाच्या काळी खणलेल्या विहिरी माती टाकून बुजवल्या. जेथे पाऊस मोजकाच, त्या मुलखात विहीर म्हणजे भांडवल. ते बुजवल्याने पलिष्ट्यांच्या गुरांना थेंबभरही अधिक पाणी मिळणार नव्हते. मत्सराचे खरे लक्षण हेच आहे: त्याला स्वतःचा लाभ नको असतो, दुसऱ्याची हानी पुरते. अखेर राजा अबीमलेख याने इसहाकाला स्पष्टच सांगितले, की तू आमच्याहून फार प्रबळ झाला आहेस, येथून जा.

इसहाक गेला; पण फार दूर नव्हे. गराराच्याच खोऱ्यात तळ देऊन त्याने बापाच्या बुजलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे दिली. मग त्याच्या माणसांनी नवी विहीर खणली, तिला जिवंत झरा लागला. लगेच तेथील गुराखी पाणी आमचे म्हणून भांडावयास आले. इसहाकाने त्या विहिरीचे नाव ठेवले ‘एसेक’, म्हणजे तंटा, आणि तो पुढे सरकला. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण झाले. तिचे नाव ‘सिटना’, म्हणजे वैर. तो आणखी पुढे गेला आणि तिसरी विहीर खणली. तिच्यावर कोणी भांडले नाही. तिचे नाव ‘रहोबोथ’: ऐसपैस जागा.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की इसहाक विहीर सोडतो, खणणे सोडत नाही. भांडणाऱ्यांच्या हाती पाण्याचा खड्डा लागला; पाणी शोधण्याची विद्या, माणसे जमवून काम उभे करण्याची हातोटी त्यांना नेता आली नाही. डिवचणाऱ्याला प्रत्युत्तर देण्यात जो वेळ जातो त्यालाही किंमत असते, आणि अर्थशास्त्रात त्या किमतीला संधिव्यय म्हणतात. पहिल्या विहिरीच्या काठावर वर्षभर लढत बसण्याचा संधिव्यय तिसरी विहीर हा होता.

दुसरी गोष्ट बहुतेक प्रवचनांतून सुटते. पुढे इसहाकाचा जम बसलेला पाहून तोच अबीमलेख आपला सेनापती बरोबर घेऊन सलोखा करावयास आला. इसहाकाने हसतमुखाने ‘या, बसा’ म्हटले काय? नाही. त्याने पहिलाच प्रश्न केला, की तुम्ही माझा द्वेष केलात, मला हाकलून दिलेत, मग आता कशाला आलात? अन्याय तो विसरला नव्हता आणि विसरल्याचे सोंगही त्याने आणले नाही. जे म्हणावयाचे ते तोंडावर म्हटले. त्यानंतर जेवण घातले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शपथपूर्वक करार केला. सत्य बोलल्यावाचून केलेला सलोखा आणि सलोख्याची तयारी नसताना बोललेले सत्य, हे दोन्ही टाळणे किती अवघड असते हे आपण सर्व जाणतो.

नाबोथाचा मळा

यावर कोणी म्हणेल, की सरकत राहण्याचा उपदेश ज्याला पुढचे खोरे मोकळे आहे त्याला ठीक. ज्याची एकच नोकरी, एकच शेत, एकच गाव, त्याने कोठे जावे? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बायबलच देते. राजे या पुस्तकाच्या पहिल्या खंडात नाबोथाची कथा आहे. राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तेथे भाजीचा मळा करावयाचा होता. त्याने बदल्यात याहून चांगला मळा अथवा रोख किंमत देऊ केली. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर सौदा वाजवी होता. परंतु वडिलार्जित भूमी आपण देणार नाही, असे नाबोथाने राजाला तोंडावर सांगितले. राजा रुसून, भिंतीकडे तोंड करून अन्नपाण्यावाचून पडून राहिला. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मोहर उठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी ठार करवले.

येथे ग्रंथकर्ता नाबोथाला दोष देत नाही. तू इसहाकासारखा निघून का गेला नाहीस, असे त्याला कोणी विचारत नाही. उलट एलीया हा संदेष्टा त्याच मळ्यात राजाला गाठतो आणि खून करून वर मालमत्ताही बळकावलीस काय, असा जाब विचारतो. म्हणजे दोन प्रसंग आणि दोन मार्ग. नवी खणलेली विहीर सोडून देता येते, कारण दुसरी खणता येते. पिढ्यांचा वारसा सोडता येत नाही, कारण तो दुसरा मिळत नाही. शिवाय आपल्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार आपल्याला असतो. दुसऱ्याच्या हक्कावर सोडण्याचा नसतो. वेठीला धरलेल्या मजुराला अथवा सासरी छळ सोसणाऱ्या सुनेला दुसऱ्या कोणी सहनशीलतेचे प्रवचन देणे हा बायबलाचा अर्थ नव्हे, विपर्यास आहे.

सूडाची चलनवाढ

आता ठोशास ठोसा या पहिल्या सल्ल्याकडे वळू. ‘उत्पत्ती’च्या आरंभीच काइन आपला भाऊ हाबेल याला मत्सराने मारतो. पुढे काइनाला मारणाऱ्याचा सूड सातपट घेतला जाईल असे म्हटले आहे. त्याच्याच वंशातला लामेख मोठ्या तोऱ्यात बायकांना सांगतो, की मला नुसती जखम करणाऱ्याला मी ठार केले आहे; काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. काही पिढ्यांत भाव अकरा पटींनी चढला. ही चलनवाढच आहे, आणि इतर चलनवाढींप्रमाणेच तिच्यात प्रत्येकाला वाटते, की दुसऱ्याने आधी भाव वाढवला, आपण केवळ भरपाई मागत आहो.

या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे डोळ्याबद्दल डोळा हा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक क्रूर वाटत नाही. तो सूडाचा परवाना नसून सूडावरील कमाल मर्यादा आहे: एका डोळ्याबद्दल एकच, दोन नव्हेत. आणि पुढे, भावाला कितीदा क्षमा करू, सात वेळा काय, असे पेत्र विचारतो, तेव्हा येशूच्या उत्तरात पुन्हा तोच सात आणि सत्तरचा हिशेब येतो. पण आता तो क्षमेचा हिशेब आहे. लामेखाची बढाई नेमकी उलटी फिरवलेली आहे.

सुमारे १९८० साली रॉबर्ट अॅक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर एक स्पर्धा घेतली. प्रतिस्पर्ध्याशी सहकार्य करावे की दगा द्यावा, याचे नियम निरनिराळ्या तज्ज्ञांनी पाठवले. पहिल्या स्पर्धेत चौदा आणि दुसरीत बासष्ट प्रवेशिका आल्या. दोन्ही स्पर्धा अॅनातोल रॅपोपोर्ट यांच्या सर्वांत छोट्या नियमाने जिंकल्या: आरंभ सहकार्याने करावा आणि नंतर समोरच्याने मागच्या खेपेस जे केले असेल तेच करावे. ठोसेवाल्यांना हा आपला विजय वाटेल. परंतु जिंकणारा नियम प्रथम ठोसा कधीच मारत नव्हता, आणि समोरचा सुधारताच त्याच्या मागच्या वागणुकीचा डूख धरून बसत नव्हता, हे विसरता कामा नये. शिवाय पुढील अभ्यासात एक उणीव दिसून आली. प्रत्यक्ष जीवनात गैरसमज होतात; अनवधानाने लागलेला धक्का मुद्दाम मारलेला वाटतो. अशा वेळी तंतोतंत परतफेड करणारे दोघे एका चुकीवरून परस्परांना कायमचे शिक्षा करत राहतात. ही साखळी तोडावयाची तर कोणीतरी कधीतरी येणे असलेला ठोसा सोडून द्यावा लागतो. गणिताने येथवर आणून सोडले. डोंगरावरील प्रवचन येथून पुढे सुरू होते.

त्या प्रवचनातील ‘उजवा गाल’ या शब्दांवर काही अभ्यासकांनी बोट ठेवले आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारावयाचे, तर हाताची पाठच लागते. म्हणजे तो मार इजेसाठी नसून अपमानासाठी, धन्याने दासाला मारावा तसा आहे. अशा वेळी दुसरा गाल पुढे करणे म्हणजे पळून न जाणे, उलट न मारणे आणि अपमान मानूनही न घेणे. हा अर्थ सर्वमान्य आहे असे नाही. पण खुद्द येशूचे आचरण त्याला पोषक आहे. महायाजकापुढील चौकशीत एका शिपायाने त्याला थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, नसेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. लंडनमध्ये विद्यार्थी असताना हेच प्रवचन गांधीजींच्या अंतःकरणाला भिडले, आणि त्यांनी पुढे त्याचा जो अर्थ लावला तो निष्क्रियतेचा निश्चितच नव्हता.

बायबलातली माणसे हे सारे सहज साधणारी आहेत, असेही नाही. शौल जिवावर उठलेला असताना, गुहेत हाती सापडलेल्या त्या राजाला दावीद केवळ झग्याचा काठ कापून जिवंत सोडतो. पण पुढच्याच अध्यायात नाबाल नावाचा एक धनिक मेंढपाळ, कोण हा दावीद, धन्याला सोडून पळणारे नोकर हल्ली फार झाले आहेत, असे कुत्सितपणे बोलतो, तेव्हा तोच दावीद चारशे माणसे घेऊन त्याचे घरदार कापावयास निघतो. भाला त्याने सोसला, टोमणा सोसवला नाही. तेव्हा नाबालाची पत्नी अबीगईल दोनशे भाकरी, अंजिरांच्या ढेपा आणि मनुकांचे घड गाढवांवर लादून त्याला वाटेत गाठते आणि जे सांगते त्याचा आशय असा: उद्या तू राजा होशील, तेव्हा निष्कारण सांडलेले हे रक्त तुझ्या मनाला टोचत राहील. दावीद तलवार म्यान करतो. तिने त्याला क्षमेचे तत्त्वज्ञान सांगितले नाही. उद्याच्या दाविदाशी आजच्या दाविदाची गाठ घालून दिली.

एक अनुभव

आता थोडे स्वतःविषयी, कारण उपदेश करणाऱ्याने स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे विभागप्रमुखाच्या जागेसाठी आम्ही दोघे दावेदार होतो. एका सभेत माझ्या सहकाऱ्याने, काहीजण पिवळ्या पडलेल्या टिपणांवर वर्षानुवर्षे तास भागवतात, असे उद्गार काढले. नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. त्या रात्रीपासून मी एक तक्रारअर्ज लिहू लागलो. तो वाढत वाढत अकरा पृष्ठांचा झाला. त्यात सहकाऱ्याच्या दहा वर्षांतील उणिवा तारीखवार होत्या. इतक्या निष्ठेने मी माझा शोधनिबंधही लिहिला नव्हता.

एके दिवशी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी दाराशी उभा राहून म्हणाला, “सर, राष्ट्रीय उत्पन्नाचा जादा तास आज तरी आहे ना?” त्या लेखनापायी मी तो तास तीन वेळा रद्द केला होता. मुलाच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. तास घेतला. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या टेबलाशी जाऊन विचारले, की माझ्या टिपणांत काय चुकीचे आहे ते दाखवा. ते क्षणभर गोंधळले. मग त्यांनी दोन-तीन ठिकाणे दाखवली. आकडे खरोखरच जुने होते. मी ते बदलले, आणि आडून बोलण्यापेक्षा हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते, हेही त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पुढे जागा त्यांनाच मिळाली. आम्ही मित्र झालो नाही; पण एकमेकांच्या रजेत एकमेकांचे तास मात्र घेऊ लागलो. तो अर्ज अजून माझ्या खणात आहे. विहीर बुजवण्यासाठी मी किती माती वाहिली होती, याची आठवण म्हणून तो ठेवला आहे.

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात दोन वचने लागोपाठ येतात. एक म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणानुसार उत्तर देऊ नये, नाही तर तुम्ही त्याच्यासारखे व्हाल. दुसरे म्हणते, तसे उत्तर द्यावे, नाही तर तो स्वतःला शहाणा समजेल. संकलकाला ही विसंगती दिसली नसेल असे मानण्याचे कारण नाही. कोणत्या वेळी कोणते वचन लागू करावयाचे, हे ग्रंथाने वाचकावर सोपवले आहे. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. समोरचा माणूस जे हिरावून घेऊ पाहतो ते पुन्हा खणता येण्यासारखे आहे काय? असेल तर कुदळ उचलून पुढे निघावे. नसेल, किंवा ते आपले नसून दुसऱ्या दुर्बळाचे असेल, तर नाबोथाप्रमाणे ठाम उभे राहावे. दोन्ही प्रसंगी खरे ते तोंडावर बोलावे आणि पाठीमागे माती टाकू नये.

ज्येष्ठतेची यादी पुढच्या वर्षीही सूचनाफलकावर लागेल. आपले नाव सापडल्यावर नजर एक ओळ वर जाईलच. तिला कोणी अडवू शकत नाही. मात्र ती तेथून वळवून हातातल्या कामाकडे आणता येते. वर्गात मुले बसलेली असतात आणि टेबलावर कोणाच्या तरी निवृत्तिवेतनाची फाइल वाट पाहत असते.